बालकाची उंची

मूल प्रौढपणी किती उंच होईल हे आईवडिलांकडून आलेली जनुके, गर्भावस्थेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे पोषण, वारंवार होणारे आजार, संप्रेरकांचे (म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या नियंत्रक द्रव्यांचे) कार्य आणि वयात येण्याची वेळ यांच्या एकत्रित परिणामाने ठरते. उंचीचे एकच जनुक नसते. सुमारे 54 लाख लोकांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंचीशी निगडित 12,111 जनुकीय भेद आढळले आणि त्यांतील प्रत्येकाचा वाटा अत्यल्प असल्याचे दिसले. व्यवहारात बालरोगतज्ज्ञ आईवडिलांच्या उंचीवरून अंदाज बांधतात. दोघांच्या उंचीची बेरीज करून मुलग्यासाठी तीत 13 सें.मी. मिळवतात, मुलीसाठी तितकेच वजा करतात आणि आलेल्या संख्येची निमपट घेतात. वडील 170 व आई 153 सें.मी. असल्यास मुलग्याची अपेक्षित उंची 168, तर मुलीची 155 सें.मी. येते, मात्र प्रत्यक्ष उंची या आकड्याच्या आठेक सें.मी. खाली किंवा वर असू शकते.

चांगले पोषण मिळालेल्या समाजात माणसामाणसांतील उंचीच्या फरकाचा सुमारे 80 टक्के भाग आनुवंशिक असतो. यावरून 'घराणेच बुटके' असा निष्कर्ष काढून स्वस्थ बसण्याची जी रीत आहे ती चुकीची आहे, कारण हे प्रमाण एका समाजाच्या अंतर्गत फरकाचे असते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या बदलाबद्दल ते काहीच सांगत नाही. दक्षिण कोरियात 1896 मध्ये जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा 1996 मध्ये जन्मलेल्या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे 20 सें.मी.ने अधिक भरली. शंभर वर्षांत जनुके एवढी बदलत नाहीत, बदलले ते अन्न, पाणी आणि आरोग्य.

उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पातळ थरांतून, ज्यांना वृद्धिपट्टिका म्हणतात. जन्मतः सुमारे 50 सें.मी. असलेले मूल पहिल्या वर्षी 25 सें.मी.च्या आसपास वाढते, दुसऱ्या वर्षी हा वेग निम्म्यावर येतो आणि पुढे वयात येईपर्यंत वर्षाला साधारण 5 ते 6 सें.मी. एवढाच राहतो. वयात येताना वेग पुन्हा वाढतो, परंतु त्याच काळात वाढणारे इस्ट्रोजेन मुलगे व मुली या दोघांच्याही वृद्धिपट्टिका हळूहळू बंद करते. वाढीचे संप्रेरक किंवा अवटू ग्रंथीचा (थायरॉइडचा) स्राव कमी पडल्यास वाढ मंदावते. जन्मजात अवटू-न्यूनता वेळीच ओळखली गेली नाही तर उंचीबरोबर बुद्धीचीही हानी होते, म्हणून गोव्यात 2008 मध्ये नवजात अर्भकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून अशा विकारांची तपासणी करण्याची सरकारी योजना सुरू झाली, हे पाऊल महत्त्वाचे होते.

सर्वांत नाजूक काळ गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांचा होय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात, आईने घेतलेल्या एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे व दूध यांच्या सेवनाशी बाळाच्या जन्मवेळच्या आकाराचा संबंध अधिक स्पष्ट दिसला. गोव्यातील फोंडा, डिचोली, पेडणे या भागांत असे अन्न दुर्मिळ नाही: पहिल्या पावसाबरोबर उगवणारा टाकळा, अळू, शेवग्याचा पाला, नाचणीची आंबील, खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि सुके मासे. याउलट सहा महिन्यांनंतरच्या बाळाला केवळ उकड्या तांदळाची पातळ पेज दिली, तर पोट भरते, पण प्रथिने, लोह व जस्त पुरेसे मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातील पाच वर्षांखालील खुरट्या मुलांचे, म्हणजे वयाच्या मानाने फार कमी उंची असलेल्यांचे, प्रमाण 2015-16 मध्ये 20.1 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 25.8 टक्क्यांवर गेले. तुलनेने सधन राज्याच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. महाराष्ट्रात 2005 मध्ये स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने दोन वर्षांखालील मुलांवर लक्ष एकवटले आणि 2012 पर्यंत या वयोगटातील खुरटेपणाचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक होते ते एक-चतुर्थांशाच्या आसपास आले, यावरून प्रयत्नांना फळ येते हे दिसते. अस्वच्छ पाण्यामुळे होणारे वारंवारचे जुलाबही खाल्लेले अन्न अंगी लागू देत नाहीत.

एकदाच घेतलेल्या मापावरून वाढीचा निर्णय करता येत नाही. दोन वर्षांखालील मुलाला सपाट फळीवर निजवून, एकाने डोके व दुसऱ्याने गुडघे धरून लांबी मोजतात. दोन वर्षांनंतर अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभ्याने उंची घेतात, जी निजलेल्या मापापेक्षा सुमारे 0.7 सें.मी. कमी भरते. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे आणि 5 ते 18 वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे तक्ते वापरतात. चार वर्षांनंतर आणि वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला 4 सें.मी.हून कमी वाढत असेल, तर त्याला बालरोगतज्ज्ञाकडे नेणे आवश्यक आहे. बाजारातील पावडरी किंवा दांडीला लोंबकळणे यांमुळे कायमची उंची वाढत नाही, आणि वृद्धिपट्टिका मिटल्यानंतर तर संप्रेरकाच्या इंजेक्शनांनीही ती वाढत नाही.