उचल

स्थलांतर म्हटलं की मुंबईला गेलेला चाकरमानी आठवतो. पेण-रोह्याच्या डोंगरालगतच्या अनेक कातकरीवाड्या मात्र दिवाळीनंतर वेगळ्याच कारणाने ओस पडतात.

खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८च्या वन कायद्याने इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि परवानगीशिवायची खैरतोड गुन्हा ठरली. कात गेला, पोटासाठी कोळसाभट्टी आली, पुढे वीटभट्टी. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा भट्टीवाला उचल देतो. ती फेडायला अख्खं कुटुंब दिवाळीनंतर भट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. १९७६च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली; उचल चालूच राहिली.

मीही नोकरीसाठी गाव सोडलं. जॉइनिंग बोनस परत केला की मला कंपनी बदलता येते. उचलीचा हिशेब मात्र मालकाच्या वहीत असतो आणि हंगाम संपला तरी अनेकदा ती फिटत नाही.

मुलांची शाळा अर्धवट राहते. २००६च्या वनहक्क कायद्यात जमिनीचा दावा ग्रामसभेपासून सुरू होतो; अर्धं वर्ष भट्टीवर असणाऱ्यांनी ग्रामसभेला बसायचं कधी? जंगल तुटल्यामुळे सुरू झालेलं स्थलांतरच आज जंगलावरच्या हक्काच्या आड येतंय.