श्रुती : गायकाची आणि रुग्णाची



या शाळेच्या दिवंगत गुरुजनांना वंदन करून मी विषयाकडे वळतो.

‘श्रुती’ म्हणजे मुळात ऐकणे. संगीतशास्त्राने हाच शब्द स्वरांतील सूक्ष्म अंतरासाठी योजिला. तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या काळी, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त बावीस तारांच्या दोन वीणा वर्णिल्या आहेत. प्रत्येक तार आधीच्या तारेहून किंचित उंच लावावयाची. इतकी किंचित की, दोहोंमध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये. येथे आकडा नाही. मापदंड आहे तो कानच.

१८६३ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने स्वरसंवेदनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि नाद प्रयोगशाळेत आला. आपल्याकडे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त सरकारी अधिकाऱ्यांनी तारेच्या लांबीवरून श्रुतींची गुणोत्तरे काढली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील पुस्तक प्रसिद्ध केले. मोजमापासाठी त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना मात्र ही गणिते मान्य नव्हती. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा वाद विद्वानांपुढे आला. पुढे १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले. आपले उज्जैन तेव्हा त्याच शिंदे संस्थानात होते; म्हणून या वादाशी आपलेही नाते आहे, असे मी मानतो.

यंत्र खरे की कान, हा त्या वादाचा गाभा. श्रवणचिकित्सेचे शिक्षण आपल्या देशात रुजले, तेव्हा तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९६५ मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था आणि १९८३ मध्ये मुंबईस अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. विद्यार्थ्यांना श्रवणमापक यंत्र शिकविताना मी प्रथम त्यातील शून्याचा अर्थ विचारीत असे. बहुतेकांना ते निःशब्दता वाटे. वस्तुतः ते निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाचे प्रमाण होय. नेहमीच्या कर्णध्वनिकांत हजार हर्ट्‌झला ते भौतिक मापाने सुमारे ७ डेसिबल भरते, तर १२५ हर्ट्‌झला सुमारे ४५. यंत्राचे शून्यही शेवटी माणसाच्या कानाकडून घेतलेले आहे. तपासणीतही रुग्णाने ‘ऐकू आले’ अशी खूण केल्यावाचून आलेखावर बिंदू पडत नाही. देवलांचे गणित आणि गवयाचा कान यांची सांगड येथे रोज घालावी लागते.

हा केवळ विद्वत्तेचा विषय नव्हे. स, श हे ऊष्मवर्ण मुख्यतः उंच कंपनांचे. ज्या मुलाची उंच नादांची श्रुती मंद आहे, ते हाक मारल्यावर वळून पाहते; म्हणून ते बहिरे आहे, अशी शंका कोणास येत नाही. फळ्याकडे पाठ फिरली, शिक्षकांचे ओठ दिसेनासे झाले की, त्याचे शब्द अर्धवट राहतात. मग त्याच्या कपाळी ‘मंद’, ‘दुर्लक्षी’ हे शिक्के बसतात आणि पुष्कळदा आयुष्यभर पुसले जात नाहीत.

म्हणून माझी नम्र विनंती आहे : शाळेत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी व्हावी. माजी विद्यार्थ्यांनी हा भार उचलला, तर ज्या गुरुजनांनी आपणांस ऐकावयास शिकविले, त्यांचे ते उचित स्मारक ठरेल.