गळ्याची मालकी

शिकागोच्या टोळ्यांचा इतिहास वाचताना मला अल कपोनपेक्षा जो ई. लुईस हा गायक जास्त काही सांगून जातो. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली आणि नाइटक्लबांचा धंदा टोळ्यांच्या हाती गेला. दारू चोरून विकायची, तर गिऱ्हाईक खेचायला गाणारा हवाच. गायकाने टोळीत जाण्याची गरज नव्हती. टोळीच त्याची मालक झाली होती.

लुईस ‘ग्रीन मिल’मध्ये गाई आणि लोकांना हसवी. कपोनचा साथीदार जॅक मॅकगर्न याची तिथे भागीदारी होती. १९२७ साली करार संपल्यावर लुईस जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या क्लबात गेला. धमक्यांना त्याने भीक घातली नाही. ९ नोव्हेंबरला तिघे जण त्याच्या हॉटेलच्या खोलीत शिरले. पिस्तुलाने डोके फोडले, पण गोळी झाडली नाही. सुरीने गळा चिरला, जिभेवरही वार केला. मला यात हिशेब दिसतो: जे प्रतिस्पर्ध्याकडे गेले, तेच नष्ट करायचे.

लुईस वाचला. बोलणे नव्याने शिकला आणि विनोदवीर म्हणून नावारूपाला आला. १९५७ साली त्याच्यावरच्या चित्रपटात फ्रँक सिनात्राने त्याची भूमिका केली. चित्रपटाला त्याची जिद्द भावली. मला मात्र तो संपलेला करार आठवत राहतो. धंदाच बेकायदा असला, की त्यातले तंटे कोर्टात जात नाहीत; ते सुरीने मिटवले जातात.