घरभाड्यातील भेदभाव (उज्जैन)

जात, धर्म, आहार किंवा एकटेपण पाहून घर भाड्याने देण्यास वा विकण्यास दिलेला नकार. याविरुद्ध उज्जैनमध्ये दाद मागायची तर मध्य प्रदेश आणि केंद्र यांच्या कायद्यांचाच आधार घ्यावा लागतो.

शिंद्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे राहत असलेल्या या शहरात बोहरा बाखळसारख्या मोहल्ल्यांची नावेच तिथल्या वस्तीची ओळख सांगतात. आपल्या माणसांच्या शेजारी राहावे ही ओढ समजण्याजोगी आहे. बाहेरून शिकायला वा नोकरीला आलेल्याला मात्र तीच भिंत होते.

राज्याच्या स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 मधील कलम 12 नुसार थकलेले भाडे, मालकाची स्वतःची गरज, पोटभाडेकरू अशा ठरावीक कारणांवरच भाडेकरूला बाहेर काढता येते. हे संरक्षण घरात शिरलेल्याचे. आडनाव ऐकून दारातूनच परत पाठवलेला माणूस भाडेकरू झालेलाच नसतो, आणि अन्याय नेमका तिथे होतो. संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी येतात. खाजगी घराचा उल्लेख नाही.

अस्पृश्यतेपुरता कायदा स्पष्ट आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 नुसार कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अटकाव करणे हा गुन्हा असून शिक्षा 1 ते 6 महिने कैद आणि दंड अशी आहे. पीडित अनुसूचित जातीचा असल्यास कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. ही तरतूद मोलाची आहे, पण ‘खोली कालच गेली’ एवढ्या तोंडी उत्तरावर फिर्याद उभी राहणेच अवघड. एचआयव्हीबाधितांना 2017 च्या आणि तृतीयपंथीयांना 2019 च्या कायद्याने घर नाकारण्यास मनाई आहे.

धर्माच्या बाबतीत अशी मनाई नाही. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सदस्यत्व पारशांपुरते ठेवणारा नियम वैध ठरवला. अमेरिकेने 1968 मध्येच वंश व धर्म यांवरून घर नाकारण्यास बंदी घातली. भारतात मुस्लिमांना घर मिळताना येणाऱ्या अडचणी सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवून समान संधी आयोगाची शिफारस केली. 2008 मध्ये तज्ज्ञगटाने त्यासाठी विधेयकाचा मसुदाही दिला, पण त्याचा कायदा झाला नाही.