शिकेकाई ते शाम्पूची पुडी: आपल्या केसांना काय मानवते, हे कोण ठरवत आले?

१/
यवतमाळहून धामणगावकडे निघाले की वाटेत बाभुळगाव लागते. अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी किराणा दुकानाच्या दारावर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. कोरड्या केसांसाठी एक, तेलकट केसांसाठी दुसरी, कोंड्यासाठी तिसरी. इतकी निवड समोर असूनही प्रश्न उरतोच: माझ्या केसांना यातले काय मानवेल? हा प्रश्न बाजाराने जन्माला घातलेला नाही. तो बराच जुना आहे आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार काळागणिक वेगवेगळ्या हातांत गेला आहे. हा धागा त्या प्रवासाविषयी.

२/
आरंभ गावाच्या नावापासून करू. बाभुळगावच्या नावातली बाभूळ आणि केस धुण्याची शिकेकाई या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने भावकीतल्या. दीर्घकाळ दोघींची गणना ‘अकेशिया’ या एकाच प्रजातीत होत असे. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्या प्रजातीची वाटणी केली, तेव्हा बाभूळ ‘व्हॅचेलिया’त आणि शिकेकाई ‘सेनेगालिया’त गेली. गुण मात्र आरंभापासूनच निराळे. बाभळीच्या सालीत टॅनिन असते, म्हणून ती कातडे कमावण्यास उपयोगी पडे. शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन असते, म्हणून ती पाण्यात फेस धरते. ‘काई’ हे शेपूट दक्षिणेकडचे आहे. कन्नडमध्ये ‘कायि’ म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग.

३/
केस धुण्याआधी तेल, हा क्रम आपल्याकडे फार जुना. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नित्य डोक्याला तेल लावणाऱ्याचे केस गळत नाहीत आणि अकाली पिकत नाहीत, असे म्हटले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तर ‘स्नानभोग’ हा राजाच्या उपभोगांपैकी एक मानून त्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. आपल्या वऱ्हाडाचा पुरावा त्याहून साधा आहे. रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेत तेराव्या शतकात आकाराला आलेल्या ‘लीळाचरित्रा’त ‘मर्दना’ आणि ‘मादणे’, म्हणजे अंग चोळणे आणि न्हाणे, हे शब्द दिनचर्येच्या ओघात पुनःपुन्हा येतात.

४/
परंतु तेल कोणते? याचे उत्तर ग्रंथांपेक्षा शिवाराने अधिक दिले. कोकणात नारळ, म्हणून खोबरेल. देशावर आणि वऱ्हाडात तीळ, करडई, जवस, एरंडी. यवतमाळच्या जंगलपट्ट्यात गोंड आणि कोलाम वस्त्यांमध्ये मोहाच्या बियांचे तेल. वऱ्हाडात नारळाची झाडे नव्हती. तेथे खोबरे आणि खोबरेल हा बाहेरून येणारा, पैसे मोजून घ्यायचा जिन्नस होता. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. विदर्भाच्या थंडीत बाटली उन्हात ठेवण्याची किंवा गरम पाण्यात धरण्याची सवय घरोघर आहे ती यामुळेच.

५/
जवसाची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. विदर्भाच्या स्वयंपाकात जवसाला मान आहे. परंतु त्याचे तेल ‘सुकणारे’ आहे. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा चिकट आणि पुढे टणक थर बनतो. या गुणामुळेच ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरले जाते. केसांत राहिले तर ते चिकट होऊन धूळ धरू शकते. खोबरेल असे सुकत नाही. तीळ या दोहोंच्या मधला. एकाच घरात फोडणीचे तेल एक आणि डोक्याचे तेल दुसरे असे, त्यामागे ही अनुभवाने आलेली जाण होती.

६/
आता पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड. त्याची खूण प्रत्येक गृहिणीला ठाऊक असे: तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. तो केसांवर बसतो, केस राठ आणि निस्तेज दिसतात. शिवाय साबण अल्कधर्मी असल्याने केसावरचे खवल्यांसारखे आवरण उघडते.

७/
शिकेकाई आणि रिठा यांतील सॅपोनिन हा साबण नव्हे. जड पाण्यात त्याचा तसा साका होत नाही आणि शिकेकाईचे पाणी किंचित आम्ल असते. रिठा तेल अधिक जोराने काढतो, शिकेकाई बेताने. म्हणून शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचरा यांचे प्रमाण घराघरांत बदले. कोणाच्या केसांना रिठा कमी, कोणाला मेथीदाण्याची जोड. साबणाने न्हाल्यावर लिंबाचे पाणी ओतण्याच्या रीतीलाही आधार आहे: आम्लाने तो साका सुटतो. निवड ‘आपल्या केसांना साजेशी’ होती ती अशी, माणूस आणि पाणी दोन्ही पाहून.

८/
मात्र या जुन्या जगाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. कारण त्याच घरात अशी एक स्त्री असे, जिला केसच ठेवण्याची मुभा नव्हती. ब्राह्मण आणि काही अन्य उच्चवर्णीय कुटुंबांत विधवेचे केशवपन होत असे. तिला तेल वर्ज्य, फुले वर्ज्य. काय मानवते हा प्रश्न विचारण्यासाठी आधी केस आपले असावे लागतात.

९/
या अन्यायाविरुद्धचा एक तीक्ष्ण आवाज विदर्भातूनच उठला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विधवेच्या वाट्याला येणाऱ्या विटंबनेचा जाब पुरुषसमाजाला विचारला. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूच्या केशवपनाने वाचक हादरले. ती १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली होती.

१०/
त्याच १८९० मध्ये मुंबईत नाभिक बांधवांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. या चळवळीमागे सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे होते. त्यांनीच १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली होती. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, हे या लढ्याचे वेगळेपण. या नकारात त्यांचे उत्पन्नही पणाला लागले होते. केसांच्या निगेचा इतिहास लिहिताना कंपन्यांची नावे सहज आठवतात. त्यांच्या आधी ही सभा आठवावी.

११/
दरम्यान आपले मर्दन समुद्रापार पोहोचले होते. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान आणि ‘शाम्पूइंग’ सुरू केले; पुढे राजांनीही त्यांची सेवा घेतली. हा शब्द हिंदी ‘चाँपना’, म्हणजे दाबणे, चेपणे यावरून आलेला. आपली ‘चंपी’ त्याच घराण्यातली. केस धुणे हा अर्थ त्याला नंतर चिकटला. १९०३ मध्ये बर्लिनमध्ये हान्स श्वार्त्सकोफ यांनी पाण्यात कालवायची शाम्पूची भुकटी विकायला आणली. १९३० च्या दशकात अमेरिकेत कृत्रिम डिटर्जंटचा शाम्पू आला आणि जड पाण्यातही साक्याविना फेस मिळू लागला. शिकेकाई जे काम शतकानुशतके करत होती, ते आता कारखान्यात होऊ लागले.

१२/
तो शाम्पू खेड्यात पोहोचला तो पुडीमुळे. तमिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी ‘वेल्व्हेट’ शाम्पू छोट्या पुडीत आणला आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ सुरू केला. बाटलीची ऐपत नसलेल्या मजुराच्या घरीही शाम्पू आला. ही समतेची बाजू नाकारता येत नाही. पण पुडीवर नाव मोठे आणि घटक बारीक अक्षरांत. शिकेकाई उकळताना प्रमाण ठरवणारा हात इथे लागत नव्हता.

१३/
खोबरेलही असेच सर्वत्र झाले. हर्ष मारीवाला यांनी सांगितलेली हकिगत प्रसिद्ध आहे: पत्र्याच्या डब्याऐवजी प्लॅस्टिकची बाटली आणायची, तर दुकानदारांना उंदरांची धास्ती. शेवटी बाटली गोल केली, म्हणजे उंदराला दात रोवता येईना. २००३ मध्ये याच मारीवालांच्या ‘मॅरिको’ कंपनीच्या मुंबईतील रेले आणि मोहिले या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी झाली. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो, हे त्यांचे स्पष्टीकरण. कंपनी खोबरेल विकणारी होती, हे ध्यानात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा.

१४/
गंमत अशी की हे तेल खाण्याचे की केसांचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केसांचे तेल म्हणून विकले जात नसेल तर लहान बाटलीतले खोबरेलही खाद्यतेलच, असा निकाल १८ डिसेंबर २०२४ रोजी लागला. म्हणजे बाटलीवर काय छापले आहे, याला अर्थ आहे.

१५/
मग या इतिहासातून आज निवड कशी करावी?
आधी पाणी पाहा. साबणाला फेस येत नसेल तर डोक्याला अंगाचा साबण टाळा.
शाम्पू टाळूच्या तेलकटपणावरून निवडा, कंडिशनर केसांच्या टोकांवरून. एकाच डोक्यावर टाळू तेलकट आणि टोके कोरडी असू शकतात.
कुरळ्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तेथे तेल अधिक आणि धुणे कमी.
बाटली उलटी करून घटक वाचा. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. दर्शनी बाजूला आवळा आणि घटकांच्या यादीत तो तळाशी, तर किंमत कशाची मोजतो हे समजते.
नवे काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहा. ‘नैसर्गिक’ वस्तूही चुरचुरते.

१६/
एकेकाळी जाण होती, पण हक्क सर्वांना नव्हता. आज हक्क आहे, वस्तूंचीही रेलचेल आहे, आणि जाण मात्र घरातून निसटत चालली आहे. ती बहुतांशी आज्यांच्या स्मरणात आहे. आपल्या गावात डोक्याला कोणते तेल लावत, शिकेकाईत काय मिसळत आणि विहिरीचे पाणी कसे होते, हे घरी विचारून खाली जरूर लिहा. गावाचे नाव आणि साधारण काळ द्यायला विसरू नका.

धागा समाप्त.