पटकी आणि रक्तगट

पटकीची सांथ आली, कीं सातारा-सांगलीकडच्या गांवांतून मरीआईचा गाडा निघे व गांवकरी तो शिवेपार नेऊन सोडीत. लोणंद-फलटणवरून पंढरीस जाणारे वारकरी वाटेंत मिळेल त्या ओढ्याचें पाणी पीत, आणि रोगही त्यांच्याबरोबर चाले. एकाच घरांतलें एक माणूस रातोरात दगावे, दुसरें सहज वांचे. लोक म्हणत, ज्याचें त्याचें कपाळ!

त्या कपाळींचें एक अक्षर पुढें वाचतां आलें. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्यास पटकीचा जंतु वेगळा काढला. १९०१ सालीं व्हिएन्नाच्या लँडस्टायनर यांनीं रक्तगट दाखविले. नंतरच्या पाहण्यांत आढळलें, कीं पटकीची बाधा झाल्यावर 'ओ' गटाच्या माणसास ती अधिक तीव्रतेनें ग्रासते. पटकीचें जुनें ठाणें असलेल्या गंगेच्या मुखाकडील प्रदेशांत हा गट तुलनेनें कमीच आढळतो. तथापि 'ओ' रक्त दुबळें नव्हे. घातक मलेरियांत तेंच अधिक तग धरतें.

शिवाय हा निवाडा अखेरचाही नव्हे. १९७१ सालीं बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज घातलेलें पाणी पाजून मृत्युप्रमाण सुमारें ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखालीं आणलें. तें पाजतांना कोणाचाही रक्तगट विचारावा लागला नाहीं. कृष्णाकांठीं पूर ओसरल्यावर म्हणूनच पहिली विचारपूस पिण्याच्या पाण्याची व्हावी, रक्तगटाची नव्हे.