शेवटचा सांधा : स्प्लिट एसीच्या इतिहासातले एक दुर्लक्षित पान

खिडकीत बसणारा जुना एसी कारखान्यातून पूर्ण होऊन येत असे. त्याची तांब्याची नळी झाळून बंद केलेली, आत शीतक वायू मोजून भरलेला. घरी येणाऱ्या माणसाकडे उरे ते सुताराचे आणि वायरमनचे काम. भिंतीवरचा स्प्लिट एसी मात्र अपुरा येतो. अर्धे यंत्र आत, अर्धे बाहेर, आणि मधल्या दोन नळ्या जोडून ते पूर्ण करायचे ते आपल्या घरी, बहुधा सज्जावर उभे राहून. शीतकरणाचा इतिहास आपण संशोधकांच्या नावांनी वाचतो. या सांध्यापाशी तो थांबत नाही, आणि म्हणूनच बराचसा अपुरा राहतो.

मूळ कल्पना जुनी आहे. उष्ण देशांतील खोल्या थंड कशा ठेवाव्यात, यावर स्कॉटलंडचे राजखगोलज्ञ पियाझी स्मिथ यांनी १८५० च्या सुमारास विचार मांडला होता : हवा दाबायची, निववायची आणि प्रसरण पावू द्यायची. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी दाखवले की असे यंत्र उलटे चालवले तर इमारत तापवताही येईल, आणि तीही थेट जळण जाळण्यापेक्षा काटकसरीने. उष्णता निर्माण करायची नाही, बाहेरून उचलून आत आणायची. हाच हीट पंप. उत्तर भारतात ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून विकला जाणारा एसी म्हणजे तेच तत्त्व. फक्त एका चौमार्गी झडपेने वायूचा प्रवाह उलटवलेला.

अडचण होती ती नळीतून फिरणाऱ्या द्रव्याची. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड हे सगळे विषारी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात घरगुती शीतकपाटांतून झालेल्या गळतीने अमेरिकेत माणसे दगावली. १९२८ मध्ये टॉमस मिज्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन-फ्लोरीनयुक्त शीतक शोधले, आणि १९३० मध्ये मिज्लींनी रसायनतज्ज्ञांच्या सभेत तो वायू छातीत भरून घेऊन त्याच्या फुंकरीने मेणबत्ती विझवली. विषारी नाही, जळत नाही, हे एका श्वासात सिद्ध झाले. याच कुळातले आर-२२ पुढे खोलीच्या एसीचे नेहमीचे शीतक बनले. गळले तर गळले, पुन्हा भरू, अशी बेफिकिरी याच निर्धोकपणातून रुजली असावी.

१९६० च्या दशकात जपानी कंपन्यांनी यंत्राचे दोन भाग केले. कॉम्प्रेसरचा गोंगाट बाहेर गेला, खिडकी मोकळी झाली. पण कारखान्यातला एक सांधा घरात आला. १९८१ मध्ये इन्व्हर्टर तंत्र घरगुती यंत्रात उतरले, वीज वाचू लागली, यंत्र सुबक झाले. सांधा मात्र तसाच हाताने केलेला राहिला.

तो करतात कसा? नळीचे टोक तुतारीच्या तोंडासारखे फुलवायचे, म्हणजे फ्लेअर करायचे, आणि ते यंत्राच्या शंकूवर बसवून नट आवळायचा. कमी आवळला तर वायू गळतो, जास्त आवळला तर तांबे चिरते. म्हणून मोजून आवळणारा टॉर्क रेंच लागतो. मग त्या नळ्यांत उरलेली हवा आणि दमट वाफ काढायची. ३० अंश सेल्सिअसला पाणी उकळायचे तर दाब ७६० वरून सुमारे ३२ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरवावा लागतो. चांगल्या जोडणीत व्हॅक्यूम पंपाने तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ५०० मायक्रॉनपर्यंत नेतात आणि पंप बंद करून आकडा चढतो का ते पाहतात. चढला, तर कुठेतरी गळती आहे किंवा ओल उरली आहे. या कामाला वेळ लागतो, आणि तो कोणाला दिसत नाही.

आपल्याकडे दीर्घकाळ एक सोपा मार्ग रूढ होता. बाहेरच्या युनिटची झडप क्षणभर उघडायची, थोडा वायू सोडायचा, त्याच्या रेट्याने हवा बाहेर. आर-२२ सोबतचे खनिज तेल पाणी फारसे शोषत नसे, म्हणून हे खपून गेले. आर-४१०ए आणि आर-३२ या शीतकांबरोबर वापरले जाणारे एस्टर जातीचे तेल मात्र ओल पटकन ओढून घेते, त्यातून आम्ले बनतात आणि कॉम्प्रेसर आतून झिजतो. शिवाय आर-३२ मंदपणे का होईना जळते. भारतीय बाजारात २०१२ पासून आलेले आर-२९० तर साक्षात प्रोपेन आहे.

या बदलांमागचा इतिहास परिचयाचा आहे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी ओझोनला असलेला धोका सांगितला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे छिद्र जगापुढे आले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. ओझोन वाचला, पण पर्यायी वायू तापमानवाढीचे निघाले. १ किलो आर-४१०ए हवेत सुटले तर शंभर वर्षांच्या हिशेबाने ते सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापवते. आर-३२ सुमारे ६७५ किलोइतके. प्रयोगशाळेत या आकड्यांवर वर्षानुवर्षे खल होतो, आणि सैल नट एका उन्हाळ्यात सगळा वायू सोडून देतो.

अमेरिकेत १९९४ पासून शीतकाचे मंडल उघडणाऱ्या तंत्रज्ञाला प्रमाणपत्र लागते. तरीही स्वतः एसी बसवण्याची हौस तिथे मोठी, म्हणून आधीच निर्वात करून शीतक भरलेल्या, टोकांना झडपा असलेल्या नळ्यांचे संच निघाले. ग्राहकाने भिंतीला भोक पाडायचे आणि नळ्या जोडायच्या. सांधा पुन्हा कारखान्याकडे निम्मा परत गेला, असेच म्हणायचे. नळीची लांबी मात्र ठरीव. उरलेली वेटोळे करून ठेवावी लागते.

आपल्याकडे हौस नव्हे, मजुरी हा प्रश्न आहे. एसी बसवणारा कारागीर बहुधा नगावर पैसे घेतो. पंप चालू ठेवून थांबलेली मिनिटे त्याच्या खिशातून जातात. तिसऱ्या मजल्यावर कमरेला पट्टा न बांधता काम करणारा हा माणूस धोरणाच्या कागदावर उशिराच आला. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याने २०२२-२३ पर्यंत १ लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी ओळ.

किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये स्वीकारली. तिच्यानुसार आपला या वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत टप्प्याटप्प्याने ८५ टक्के उतरवायचा आहे. त्यासाठीची आधारपातळी ठरवताना २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या वापराची सरासरी धरली जाते. नव्या यंत्रांत भरलेल्या वायूबरोबरच, सैल सांध्यांतून निघून गेल्यावर पुन्हा भरलेला वायूही त्या वापरात मोजला जातो.